विनाइलखाली फुगा आलाय? सुई जरा बाजूला ठेवा

आज कोडिंग नाही, आज फरशी. म्हणजे फरशीवर चिकटवतात ते विनाइल. दुकानात कुणी त्याला पीव्हीसी कार्पेट म्हणतं. जुन्या मोझॅक टाइल्स झाकायला स्वस्त आणि झटपट उपाय. फक्त आठवड्याभरात मधोमध फुगा दिसतो, आणि कुणीतरी सांगतं, "टोच सुई, बसेल खाली."

थांबा. आमच्या कामात एरर मेसेज लपवला म्हणून बग जात नाही. इथेही तसंच आहे. आधी कारण शोधा.

कारणं मुख्यतः तीन. एक, शीट अंथरताना हवा अडकली, वरून रोलर नीट फिरवला नाही. दोन, चिकटवायचं सोल्युशन कुठे जास्त, कुठे कमी लागलं, किंवा खाली धूळ राहिली. गुळगुळीत टाइल पाणी शोषत नाही, त्यामुळे पाण्यावर आधारित ॲडहेसिव्ह तिच्यावर उशिरा सुकतं. घाईत शीट टाकली की ओल आत कोंडते. तीन, खालून जमिनीतूनच ओल येते.

ओळखायचं कसं? अंगठ्याने दाबा. फुगा सरकून शेजारी गेला, तर बहुतेक नुसती हवा आहे. पण फुगे वाढत असतील, कुबट वास येत असेल, कडेला सोल्युशन चिकट-ओलं लागत असेल, तर ओलीचा संशय घ्या.

माझ्या आजीच्या तळमजल्यावरच्या घरात हेच झालं. जुलै महिना, आजी वॉकर घेऊन चालते, आणि वॉकरचा पाय नेमका फुग्यावर अडखळायचा. काम करणारा म्हणाला, "टोचून देतो, उरलेले पैसे द्या." मामाने पैसे थांबवले. आम्ही एक कोपरा उचलला, सोल्युशन खरवडलं, दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला आणि रात्रभर ठेवला. ही टेस्ट निदान १६ तास ठेवायची असते. सकाळी प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब! तिथे सुई टोचून काय होणार होतं? तेवढा भाग काढून टाकला, आजीचा रस्ता मोकळा केला. आता ओलीचा बंदोबस्त होऊन जमीन सुकेपर्यंत नवीन शीट नाही. नवीन कोबा असेल तर ढोबळ हिशोब लक्षात ठेवा: एक इंच जाडीला साधारण एक महिना. पावसाळ्यात त्याहून जास्त.

प्लास्टिक कोरडं निघालं, तर फुगा घरी काढता येतो. नवीन काम असेल तर छोट्या फुग्याला काही दिवस द्या, कधी कधी आपोआप बसतो. नाही बसला, तर हेअर ड्रायर थोडा लांब धरून विनाइल कोमट करा. गरम नको, आकसतं. मग कापडाने मधून कडेकडे दाबत जा आणि वर जड पुस्तकं ठेवून एक दिवस विसरा.

तरीही राहिला, तर आता सुई. डिझाइनच्या रेषेवर बारीक भोक पाडा, हवा काढा. खाली सोल्युशनच नसेल, तर मेडिकलमधली सिरिंज घेऊन त्याच विनाइलला चालणारं ॲडहेसिव्ह थोडंसं आत सोडा. बाहेर आलेलं लगेच पुसा. वर बटर पेपर, त्यावर वजन, रात्रभर.

एक अपवाद. क्लिक करून बसवायच्या पट्ट्या असतील, तर त्या चिकटवलेल्या नसतात. त्या वर उचलल्या की भिंतीकडे बघा. तिथे साधारण ६ मिलीमीटर फट हवी. फट नसेल तर पट्ट्या फुगून उठतात.

आणि शेवटचा हप्ता काम झाल्या दिवशी देऊ नका. आठवडाभर चालून बघा, मग द्या. हे आधीच ठरवून घ्या, म्हणजे भांडण नको.

तुमच्या घरी फुगा असेल, तर आज फक्त अंगठ्याने दाबून बघा. भेटू पुढच्या भागात!