थायरॉइड : दाह, दौर्बल्य आणि दक्षता



घरातील गृहिणी दिवसेंदिवस थकत जाते. वजन वाढते, केस गळतात, थंडी सोसत नाही, उत्साह मावळतो. कुटुंबीय त्याला आळस म्हणतात किंवा वयाचा परिणाम मानतात. अनेकदा त्याचे मूळ गळ्यातील फुलपाखराच्या आकाराच्या थायरॉइड ग्रंथीत असते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अनेक पटींनी अधिक आढळतो.

१९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी चार स्त्रियांच्या गलगंडाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या ग्रंथी पांढऱ्या पेशींनी व्यापलेल्या होत्या. १९५६ साली लंडनमधील संशोधकांनी त्यामागील कोडे उलगडले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करीत होती. रक्षकानेच घरधन्यास परका समजावे, तसा हा प्रकार!

या संघर्षातून ग्रंथीत दीर्घकाळ दाह राहतो. तो बहुधा वेदनारहित असल्याने लक्षात येत नाही. दाहकारक रसायनांमुळे पेशींची आयोडीन शोषण्याची व संप्रेरक घडविण्याची क्षमता घटते. कालांतराने पेशी नष्ट होऊन तेथे निरुपयोगी तंतू वाढतात. काही रुग्णांत आरंभी फुटलेल्या कोशांतील साठा एकदम रक्तात उतरतो. तेव्हा छातीत धडधड होते, वजन घटते. साठा संपल्यावर मात्र न्यूनता येते. ग्रेव्हज् विकारात याउलट घडते. तेथील प्रतिद्रव्ये ग्रंथीला अखंड उत्तेजन देतात आणि संप्रेरक अति प्रमाणात स्रवते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर, माल कमी पोहोचला की पेढीकडून तगाद्याची पत्रे वाढतात. तसेच थायरॉक्सिन कमी पडले की मेंदूतील पीयूषिका ग्रंथी टीएसएच वाढविते. म्हणून वाढलेले टीएसएच हे न्यूनतेचे पहिले चिन्ह ठरते. टीपीओ प्रतिद्रव्यांच्या तपासणीने कारण स्पष्ट होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुंबई व गोव्यासह आठ ठिकाणच्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉइडची न्यूनता, तर सुमारे २२ टक्के व्यक्तींत ही प्रतिद्रव्ये आढळली. प्रतिद्रव्ये असलेल्या प्रत्येकास गोळी लागतेच असे नाही. परंतु अशा व्यक्तीने वेळोवेळी तपासणी करावी.

गर्भवतीच्या बाबतीत विलंब अक्षम्य होय. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. प्रसूतीनंतरच्या वर्षातही असा दाह उद्भवू शकतो. तेव्हाच्या थकव्याची चेष्टा करू नये.

आपल्या समाजात गोळीविषयी एक शंका हमखास निघते. १८९१ साली इंग्लंडमध्ये मेंढीच्या ग्रंथीचा अर्क वापरून उपचार झाला, हे खरे. आज प्रचलित असलेले लेव्होथायरॉक्सिन मात्र प्रयोगशाळेत रासायनिक पद्धतीने तयार होते. गोळीतील इतर पूरक घटकांविषयी शंका असल्यास औषधविक्रेत्याकडे चौकशी करावी. गोळी परस्पर बंद करू नये. अहवाल चांगला आला तो गोळीमुळे, हे विसरून चालणार नाही. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी.

गोळी रिकाम्या पोटी पाण्यासोबत घ्यावी व त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-दूध टाळावे. नवकारसी पाळणाऱ्यांनी ती पारल्यावर प्रथम गोळी घ्यावी, अल्पोपाहार त्यानंतर करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. अठ्ठाई किंवा मासक्षमण करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. केवळ सैंधव वापरणाऱ्या घरांत आयोडीन कमी पडू शकते. मात्र आयोडीनचा अतिरेकही दाह वाढवितो, म्हणून मनाने पूरक औषधे घेऊ नयेत.

घोड नदीकाठचे शिरूर असो वा भीमाकाठचे दौंड, प्रत्येक घरातील माता-भगिनीच्या थकव्याची विचारपूस व्हावी आणि गरज भासल्यास रक्त तपासले जावे. जीवदयेचा आरंभ आपल्याच उंबरठ्याच्या आत होतो.

जय जिनेंद्र!