तबकडी, संगणक आणि मधला दुवा

आमच्या देवरींत नातू संगणकावर गाणें ऐकतो, मी तबकडीवर. दोहोंसाठीं मिळून एकच पेटी घ्यावी, असा त्याचा आग्रह. पैसा मात्र माझ्या निवृत्तिवेतनाचा!

संगणकांत स्वर आंकड्यांच्या रूपानें असतो. ‘डॅक’ त्याची विद्युल्लहर करतो. ती सुमारें २ व्होल्टची, म्हणजे पुरेशी सशक्त. तबकडीच्या सुईंतून निघते ती अवघी ५ मिलिव्होल्टच्या आसपास, चारशें पट क्षीण. शिवाय तबकडी कोरतांना खर्ज दाबलेला व तार स्वर उचललेले असतात. ‘फोनो प्रीअँप’ लहरीला बळ देतो आणि हा तोल पूर्ववत् करतो. तें काम डॅकच्यानें होणें नाहीं.

आणखी एक मेख आहे. हल्लींचा सर्वमान्य तोल १९५४ सालीं अमेरिकेंत ठरला. अब्दुल करीम खांसाहेब तर १९३७ सालींच निवर्तले! त्यांच्या मूळ तबकड्यांना तोल बदलतां येणारा प्रीअँप हवा, आणि सुईही रुंद, सुमारें तीन सहस्रांश इंचाची. दीर्घवादन तबकडीची बारीक सुई तेथें खांचेच्या तळाशीं घासते.

साध्या डॅकचा दोष कानाला क्वचितच कळतो. चुकीच्या सुईचा पहिल्याच आलापाला. म्हणून माझा पैसा प्रीअँप व सुई यांवर जाणार. घेतांना भूतार जोडण्याचा स्क्रू तेवढा पाहून घ्यावा, नाहीं तर गाण्याआधीं घुमणेंच ऐकूं येतें.