चंद्राचे कंप आणि आपली जमीन



या व्यासपीठावरून आजवर अनेक पंडित बोलून गेले. आम्ही पंडित नव्हे. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे काही वाचन झाले ते पाळी संपल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. तेव्हा चंद्रावरच्या आणि मंगळावरच्या भूकंपांविषयी आम्ही काय सांगणार, अशी शंका आपल्या मनात आली असेल. परंतु या शास्त्राची गुरुकिल्ली आम्हांला प्रयोगशाळेत नव्हे, कारखान्यात सापडली.

जुना, जाणता फिटर यंत्रातून वेगळा आवाज येऊ लागला तर ते लगेच खोलीत नाही. तो लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतो, त्याचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. आतली घरघर ऐकून तो सांगतो की, बेअरिंग गेले आहे किंवा गिअरचा दात तुटला आहे. भूकंपशास्त्रज्ञही हेच करतो. पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत कोणी उतरलेले नाही. जमीन हादरली की खडकातून दोन जातींच्या लहरी धावतात. पहिली, इंजिनचा धक्का मालगाडीच्या डब्याडब्यांतून पुढे जावा तशी रेटत जाते. दुसरी, दोर झटकावा तशी आडवी हलत जाते. पहिली आधी पोहोचते, दुसरी मागाहून. या दोहोंमधला वेळ मोजला की भूकंप किती दूर झाला ते कळते. दुसरी लहर द्रवातून जात नाही. म्हणून ती कोठे अडली हे पाहिले की पोटात पातळ रस कोठे आहे तेही समजते.

आता हा कान चंद्राला कसा लावला ते पाहू. 1969 च्या जुलैत अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी पहिले भूकंपमापक तेथे ठेवले. ते तीनेक आठवडे चालले. पुढे अपोलो 12, 14, 15 आणि 16 यांनी चार ठिकाणी चार यंत्रे मांडली. अपोलो 12 चे काम झालेले यान मुद्दाम चंद्रावर आदळवले, तेव्हा चंद्र जवळजवळ तासभर थरथरत राहिला! आपल्याकडचा खडक ओलसर असतो. तो कंप लवकर गिळून टाकतो. चंद्राचा वरचा खडक कोरडा ठणठणीत आणि भेगाळलेला. त्यात लहरी इकडून तिकडे आपटत राहतात.

1977 पर्यंत या यंत्रांनी बारा हजारांहून अधिक कंप टिपले. काही उल्कांच्या माऱ्याचे होते. बहुतेक मात्र 700 ते 1200 किलोमीटर खोलीवरचे होते, आणि त्यांची गंमत अशी की त्याच त्याच जागा सुमारे सत्तावीस दिवसांच्या पाळीने हलत. चंद्र महिन्याभरात पृथ्वीच्या कधी जवळ येतो, कधी दूर जातो; तशी पृथ्वीची ओढ वाढते आणि घटते, आणि त्या ताणाने आतला खडक कुरकुरतो.

30 सप्टेंबर 1977 रोजी ही यंत्रे बंद करण्यात आली. ती मोडली होती म्हणून नव्हे, पैसा वाचवायचा होता म्हणून. चालत्या गिरणीला टाळे लागलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यातले दुःख वेगळे सांगायला नको. परंतु नोंदीच्या फिती शिल्लक होत्या. टेक्सास विद्यापीठातील योसिओ नाकामुरा हे शास्त्रज्ञ त्या फितींशी वर्षानुवर्षे झगडत राहिले. आणि 2011 साली, म्हणजे यंत्रे बंद पडल्यावर चौतीस वर्षांनी, रेने वेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच जुन्या नोंदी नव्या रीतीने तपासून सांगितले की, चंद्राच्या पोटात घट्ट गाभा आहे आणि त्याभोवती पातळ थर आहे. नोंद नीट ठेवली असेल तर तिची मजुरी उशिरा का होईना, मिळते.

मंगळाची कथा कष्टांची आहे. 1976 साली दोन व्हायकिंग याने उतरली. एकाचे भूकंपमापक कुलपातून सुटलेच नाही. दुसऱ्याचे यानाच्या अंगावर बसवलेले होते, त्याने बहुतेक वाराच मोजला. त्या अनुभवातून शिकून इनसाइट यानाने आपले यंत्र उचलून थेट जमिनीवर ठेवले आणि त्यावर वाऱ्यापासून आडोसा म्हणून झाकण घातले. या यंत्राच्या निर्वात गोळ्यात बारीकशी गळती सापडली म्हणून सारी मोहीम 2016 वरून 2018 वर ढकलावी लागली होती. पृथ्वी आणि मंगळ यांची सोयीची गाठ सव्वीस महिन्यांनी पडते. एक सांधा चुकला की दोन वर्षे गेली. पण यंत्र दुरुस्त होऊन गेले, आणि 2022 च्या अखेरीस सौरपट्ट्यांवर धूळ साचून ते थांबेपर्यंत त्याने तेराशेहून अधिक मंगळकंप टिपले. मंगळाच्या गाभ्यात पातळ रस आहे, याला त्यावरून दुजोरा मिळाला.

आता आपल्या घरचे. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान 3 चंद्राच्या दक्षिण भागात उतरले. त्यावर बंगळूरच्या इस्रोच्या प्रयोगशाळेत तयार झालेले ‘इल्सा’ नावाचे भूकंपमापक होते. सिलिकॉनवर कोरलेली इतकी इवलीशी यंत्रणा चंद्रावर प्रथमच गेली. सुमारे 190 तासांच्या नोंदीत अडीचशेहून अधिक हालचाली सापडल्या. त्यांतल्या सुमारे दोनशे आपल्याच प्रज्ञान गाडीच्या चालीच्या आणि इतर उपकरणांच्या निघाल्या. उरलेल्या पन्नासांचा मेळ कशाशीच बसला नाही. आमच्या शास्त्रज्ञांनी त्या पन्नासांना लगेच चंद्रकंप म्हणून मिरवले नाही. हे आणखी तपासले पाहिजे, असे सांगितले. हा प्रामाणिकपणा आम्हांला त्या यंत्राइतकाच मोलाचा वाटतो.

येथे कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे, की ज्या देशात गरिबाचे घर धड उभे नाही, तेथे चंद्राची नाडी कशाला पाहायची?

याचे उत्तर आमच्याच महाराष्ट्रात आहे. आपला हा काळ्या पाषाणाचा प्रदेश अचल आहे, अशी एके काळी समजूत होती. 1962 पासून कोयनेच्या धरणात पाणी साठू लागले आणि लहान धक्के सुरू झाले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा धक्का बसला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. धरणातले पाणी चढते-उतरते, त्या ताणाने खालचा खडक सरकतो, हे कोयनेने जगाला दाखवले. पृथ्वीच्या ओढीने चंद्राचा खडक कुरकुरतो, तीच ही भाषा. ती नीट ऐकू यावी म्हणून शास्त्रज्ञांनी कोयनेच्या परिसरात गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले.

किल्लारीची गोष्ट अधिक कडू आहे. तेथे 1992 साली धक्के जाणवले होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, विसर्जनाची रात्र संपता संपता, भूकंप झाला आणि हजारो माणसे दगडमातीच्या जड भिंतींखाली झोपेतच गाडली गेली. भूकंपाने थोडी मारली, घराने फार मारली. म्हणून ऐकणे आणि बांधणे ही कामे वेगळी करता येत नाहीत.

आणि आपले काय? आपण गंगापूर रोडवर बसलो आहोत. हाच रस्ता पुढे गंगापूरच्या धरणाकडे जातो. ते मातीचे धरण आहे, आणि या शहराची तहान त्यावर भागते. दिंडोरी रोडवर मेरी संस्थेत भूकंपमापक आहे. कळवण, पेठ, दिंडोरीकडचे धक्के तेथे टिपले जातात. घाबरण्याचे कारण नाही. परंतु विचारण्याचे आहे. आमच्या दोनच मागण्या आहेत. अशी यंत्रे पैशाच्या काटकसरीपायी एक दिवसही बंद राहू नयेत, आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला कायम नोकरी असावी. दुसरी, धक्का बसलेल्या पाड्यावर जाऊन त्याची नोंद तेथल्या माणसांना त्यांच्या बोलीत समजावून सांगावी, आणि घराची भिंत कशी बांधावी तेही सांगावे.

चंद्रावर ज्यांनी कान लावला, त्यांना आम्ही मनापासून सलाम करतो. तेवढाच चोख कान पेठच्या पाड्याला लावला जावा, यासाठी नाशिककरांनी आपला आवाज आमच्या आवाजात मिळवावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.