वजनाचा काटा आणि कॅन्सरचे उपचार
(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये दिलेले भाषण)



आपल्याकडे कुणाला कॅन्सर झाल्याचं कळलं, की संध्याकाळपर्यंत त्या घरी दोन गोष्टी पोचतात. गव्हांकुराचा रस आणि ‘साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल’ हा सल्ला. माया दोन्हींत असते. सल्ल्याचं मूळही अगदीच खोटं नाही. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोजचा फडशा पाडतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवलं. पेट स्कॅन चालतो तो याच गुणावर. पण चहातली साखर सोडली म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते तयार करतं, आणि खाणं फारच तुटलं तर त्यासाठी स्नायू मोडले जातात. गाठीच्या आधी माणूस खंगतो.

मग वजन उतरवण्यात काहीच अर्थ नाही का? आहे ना. जादा चरबीचा तेरा प्रकारच्या कॅन्सरशी संबंध आहे, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बायकांवर अमेरिकेत दोन मोठे अभ्यास झाले. पहिल्यात २४३७ बायका होत्या. ज्यांनी तेल-तूप कमी केलं त्यांचं वजन अडीच-तीन किलोंनी कमी भरलं, आणि पाचेक वर्षांत शंभरातल्या साधारण दहाजणींना आजार उलटला, इतरांत बाराजणींना. दुसऱ्यात ३०८८ बायका. भाज्या-फळं भरपूर खाल्ली, वजन हललं नाही, फरकही पडला नाही. यात वजनाचा हात असावा असं मला वाटतं. सिद्ध मात्र झालेलं नाही. आणि यातलं कुणी उपाशी राहिलं नव्हतं, आहारतज्ज्ञ सोबत होते, हे विसरू नका.

केमो चालू असताना हिशेबच निराळा. औषधाचा डोस बहुतेक वेळा उंची-वजनावरून ठरतो. वजन फार घसरलं की डोस कमी करावा लागतो, नाहीतर पुढे ढकलावा लागतो. ‘नाहीतरी जाडच होत्या, उतरलं ते बरंच’ असं कृपा करून म्हणू नका! जाड माणसाचेही स्नायूच झडत असतात. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, दोन-तीन किलो घटलं की डॉक्टरांना सांगा. एकादशी, चतुर्थी तेवढ्यापुरती राहू द्या.

शेजाऱ्यांनी काय न्यावं? तोंड आलेलं असतं, चव गेलेली असते. मऊ मुगाची खिचडी, नाचणीची दूध घातलेली पेज, चालत असेल तर नीट उकडलेलं अंडं. डबा लहान, पण दिवसातून दोनदा. कच्चा रस नको, पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना त्यातून जंतुसंसर्ग होऊ शकतो.

मधुमेह असलेल्यांचं गणित वेगळं आहे. ते आता प्रश्नोत्तरांत घेऊ, कुणीतरी विचारा.