किशोरांचे आईबाप, उद्याचे आजीआजोबा

आनंदीबाई जोशींचं लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो जेमतेम दहा दिवस जगला. आज चौदा वर्षांची मुलगी नववीत असते आणि तिच्या खोलीत शिरताना दारावर टकटक करायची की नाही, यावरून घरात वाद होतो.

या दोघींच्या मधे बराच इतिहास आहे. १९२९ च्या सारडा कायद्यानं मुलीच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, १९७८ मध्ये ते १८ झालं. शाळा लांबली, लग्न लांबलं, आणि बालपण व संसार यांच्यामधे दहाएक वर्षं मोकळी झाली. पण सगळ्यांच्या वाट्याला ती सारखी आली नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. अशा घरांत आजीपण चाळिशीच्या आतबाहेर येतं. शहरात ते साठीला येतं आणि त्याआधी आईची रजोनिवृत्ती आणि लेकाचं वयात येणं एकाच छपराखाली नांदतात.

मुलगा उलट बोलतो, रात्री जागतो, सकाळी उठत नाही, ही तक्रार घरोघरची. त्यामागे शरीराचाही हात आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग परिणामांचा विचार करतो, मनाला आवर घालतो. तो पुरता पक्व व्हायला पंचविशी उजाडते. मौजेची आणि थराराची ओढ मात्र कितीतरी आधी जोर धरते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगणकावर गाडी चालवायचा खेळ होता. सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी कुठवर दामटायची, एवढाच प्रश्न. बरोबरीची मुलं शेजारी असली की किशोर जास्त धोका पत्करत. प्रौढांवर सोबतीचा तसा परिणाम दिसला नाही. घरात समंजस वाटणारा मुलगा स्कूटरवर ट्रिपल सीट बसला की वेगळाच का वागतो, ते यावरून कळतं.

झोपेचंही तसंच. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरू लागतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्येच या वयाच्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आत भरवू नयेत, अशी शिफारस केली. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये सकाळी नऊची मर्यादा आणली, पण ती चौथीपर्यंतच्या वर्गांना. दहावीतला मुलगा सकाळी सातची शाळा, मग क्लास आणि रात्री पांघरुणाखाली मोबाइल असा दिवस काढतो. यातला मोबाइल तेवढा घरच्यांच्या डोळ्यांवर येतो.

‘आज शाळेत काय झालं?’ ‘काही नाही.’ संध्याकाळी एवढ्यावर संवाद आटोपणारी मुलगी रात्री साडेअकराला मॅगी करताना ओट्याशी उभी राहून आपण होऊन बोलू लागते. तेव्हा मधे न तोडता ऐकायचं आणि तिनं विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, हे आईबापांना जड जातं. कारण आजवर त्यांचा शब्द चालत आलेला असतो, तो आता चालेनासा होतो. पण आजीआजोबांचा शब्द तर नातवंडांच्या बाबतीत मुळातच शेवटचा नसतो. म्हणून किशोरांचं पालकपण ही आजीआजोबा होण्याची उमेदवारी आहे.

आजी ही माणसाच्या जगण्याला फार जुन्या काळापासून हातभार लावत आली असावी. टांझानियातल्या हाड्झा लोकांत म्हाताऱ्या बायका तासन्‌तास कंद खणतात आणि त्यावर नातवंडं पोसली जातात, हे क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवलं. फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या कौटुंबिक नोंदींवरचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर बाई जितकी जास्त जगली, तितकी नातवंडं वाढत गेली: दर दहा वर्षांमागे दोन.

मात्र कंद खणण्याची विद्या जुनी होत नाही, बाळंतपणाची होते. लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याहून न्यू जर्सीला निघालेली आजी डिंकाचे लाडू, बाळंतशोप, सहाण आणि गुटीचं सामान बांधून घेते. तिथे पोचल्यावर तिला कळतं की वर्षाच्या आत बाळाला मधाचं बोटही चाटवायचं नाही, कारण त्यातून बॉट्युलिझम होऊ शकतो. बाळाला उताणंच झोपवायचं. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. यातलं एकही लेकीचं खूळ नव्हे. लेक नववीत असताना ‘तुझं बरोबर आहे’ म्हणायला जी शिकली, ती सहाण बाजूला ठेवते आणि लाडवांचा डबा उघडते. जिला ते जमलं नाही, तिचा सहा महिन्यांचा मुक्काम दोघींनाही जड होतो.

काही घरांत ही उमेदवारी आणि आजीपण एकदमच गळ्यात पडतं. बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मागे राहिलेली मुलं बहुधा आजीआजोबांकडे असतात. या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. नात तेरा-चौदा वर्षांची झाली की तिला सांभाळायचं कसं, या धास्तीनं लग्नाची बोलणी सुरू होतात. पुष्कळदा आजीचं स्वतःचं लग्नही त्याच वयात झालेलं असतं. नातीला थांबवावं असं तिला वाटलं, तरी घरात तिचं कोण ऐकणार? गावात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी चोवीस तास चालतो. मुलगा-सून कोयते घेऊन निघण्याआधीच ही माहिती तिच्या हाती असायला हवी, कारण बोलणी पक्की व्हायला आठवडाही पुरतो.