चोरीचा माल आणि प्रामाणिक ग्राहक



कळमनुरीसारख्या तालुक्याच्या गांवींहि आज घरबसल्या मोबाईलच्या पडद्यावरून वापरलेला फोन, सायकल किंवा कॅमेरा विकत घेतां येतो. फोटो दिसतो, किंमत रास्त वाटते, यू.पी.आय.नें पैसे जातात आणि चार दिवसांनीं पुडकें दारीं येतें. मग एखादे दिवशीं पोलीस येऊन सांगतात कीं, हा माल चोरीचा आहे. अशा वेळीं घेणाराच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. वस्तु माझ्याकडे राहील काय ? आणि न राहिल्यास माझे पैसे कोण देईल ?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर कटु आहे. जें विकणाराचें नाहीं, तें त्याला दुसऱ्यास देतां येत नाहीं, हें १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २७ व्या कलमाचें तत्त्व आहे. चोराजवळ मालकी नव्हती. तेव्हां पूर्ण किंमत मोजूनहि ती आपणांस मिळत नाहीं. इंग्लंडांत उघड्या बाजारांत सद्बुद्धीनें घेतलेल्या मालाला संरक्षण देणारा एक जुना नियम होता. तोहि तेथील १९९४ च्या कायद्यानें रद्द झाला. वस्तु मूळ मालकाचीच.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र दिलासा देणारें आहे. त्याच कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणें, विकण्याचा हक्क आपणांस आहे अशी हमी विकणारा न बोलतांहि देत असतो. ती खोटी ठरली तर किंमत परत मागतां येते. मग विकणारा स्वतः निर्दोष कां असेना. १९२३ सालीं इंग्लंडांतील एका खटल्यांत चोरीची ठरलेली मोटार सुमारें चार महिने वापरांत होती. तरी वरिष्ठ न्यायालयानें खरेदीदारास ३३४ पौंडांची पूर्ण किंमत परत देवविली. मालकीच मिळाली नाहीं, तर वापराची वजावट कसली, असा त्यामागील विचार.

आतां व्यवहाराच्या गोष्टी. वस्तु पोलिसांच्या स्वाधीन करतांना जप्तीच्या पंचनाम्याची प्रत मागावी. जाहिरात, संदेश, पैसे दिल्याची नोंद व पुडक्यावरील पत्ता जपून ठेवावा. विकणारास आणि ज्या मंचावरून खरेदी झाली त्यास लेखी मागणी करावी. विकणारा व्यापारी असेल, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवितां येते. त्यानें भागलें नाहीं, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दोन वर्षांच्या आंत जिल्हा आयोगाकडे जातां येतें. कळमनुरीच्या रहिवाशानें त्यासाठीं विकणाराच्या शहरीं धांव घेण्याची जरूर नाहीं; हिंगोली पुरेशी आहे. पांच लाखांपर्यंतच्या तक्रारीस शुल्कहि नाहीं. विकणारा खाजगी गृहस्थ असेल, तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा.

आणखी एक तरतूद फारशी कोणास ठाऊक नसते. चोर दोषी ठरला, आणि अटकेच्या वेळीं त्याच्याजवळ पैसे सांपडले असतील, तर माल मालकास परत गेल्यावर त्या रकमेंतून निर्दोष खरेदीदारास त्यानें दिलेल्या किमतीपर्यंत भरपाई देण्याचा हुकूम न्यायालय करूं शकतें. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४९९ व्या कलमांत ही सोय आहे. मात्र अर्ज आपणच करावयास हवा.

अर्थात् घेण्यापूर्वींची सावधगिरी अधिक स्वस्त. मूळ पावती मागावी. फोनचा पंधरा आंकडी आय.एम.ई.आय. क्रमांक सरकारच्या 'संचार साथी'वर पडताळावा.

शेवटीं एक मोह सांगितला पाहिजे. माल चोरीचा असल्याचा सुगावा लागतांच तो गुपचूप तिसऱ्याच्या गळ्यांत घालावा, असें कित्येकांस वाटतें. पण त्या क्षणीं आपली निर्दोषता संपते. जाणूनबुजून चोरीचा माल ठेवणें भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें गुन्हा आहे. पैसे परत मिळविण्याचा आपला सारा दावा आपल्या प्रामाणिकपणावर उभा असतो. वस्तु गेली तरी चालेल. तो आधार हातचा जाऊं देऊं नये.