दातांचा पूल आणि विम्याचे बिल

येळ्ळूरचे एक शेतकरी गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले होते. मुलगा अमेरिकेत नोकरीस. सुट्टीत गावी आलेला. त्याची वरच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ तीन वर्षांपूर्वी तिकडेच काढलेली होती, आणि त्या जागी आता ब्रिज बसवावयाचा होता. परदेशी केलेल्या उपचाराचाही काही खर्च देण्याची सोय त्याच्या विम्यात होती. काम चांगले झाले. बिल मात्र मी एका ओळीचे दिले : ‘दातांचे काम, क्रमांक २६.’ दावा नामंजूर होऊन परत आला. चूक माझीच होती.

आपल्याकडे दाताला दोन अंक देतात. पहिला अंक तोंडाचा चतुर्थांश दाखवितो आणि दुसरा मध्यापासून त्या दाताचे स्थान. म्हणून २६ म्हणजे वरच्या डाव्या बाजूचा सहावा दात. अमेरिकेत दात १ ते ३२ असे ओळीने मोजतात. तेथे हीच दाढ १४ ठरते. २६ म्हणजे खालच्या उजव्या बाजूचा पटाशीचा दात! तो तर मुलाच्या तोंडात शाबूत होता. नसलेल्या खड्ड्यावर बांधलेल्या पुलाचे पैसे कोण देईल?

दुसरी गोष्ट अशी की, पूल ही एकच वस्तू नव्हे. मधला कृत्रिम दात वेगळा आणि त्याला तोलणाऱ्या शेजारच्या दोन दातांवरील टोप्या वेगळ्या. असे तीन घटक झाले, आणि बिलात प्रत्येकाची ओळ स्वतंत्र हवी. साध्या धातूवर पोर्सिलेन चढविलेला असेल, तर अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या संकेतांत मधल्या दाताला डी ६२४१ आणि आधाराच्या प्रत्येक टोपीला डी ६७५१ हा क्रमांक आहे. एकट्या दातावरील टोपीचा डी २७५१ हा क्रमांक येथे घालणे ही नेहमीची चूक. दात घासून तयार केल्याची तारीख आणि पूल पक्का बसविल्याची तारीख, दोन्ही लिहाव्यात. कारण पुष्कळ कंपन्या दुसरीच तारीख ग्राह्य धरतात. उपचारापूर्वीचे क्ष-किरणचित्रही सोबत जोडावे.

नवे बिल लिहावयास बसलो, तेव्हा वडील हळूच म्हणाले, “डॉक्टर, दात यंदाच काढला असं लिहा की! एवढ्यानं काय बिघडतंय?” त्यांच्या मनात खोट नव्हती; भीती होती. विमा घेण्यापूर्वीच गेलेल्या दाताचे पैसे मिळत नाहीत, असे कलम अनेक विम्यांत असते, हे त्यांनी ऐकले होते. मी खरीच तारीख लिहिली. पुढे विम्याचे कागद वाचले, तेव्हा कळले की विमा दात काढण्याच्या आधीचा होता, आणि दात काढण्याचा खर्च त्याच कंपनीने दिलेला होता! खोटी तारीख त्यांच्याच दप्तराशी विसंगत ठरली असती. खऱ्या तारखेने खर्चाचा काही भाग हाती आला. कलम आड आले असते, तरीही तारीख तीच राहिली असती.

आपल्या देशातील सामान्य आरोग्यविम्यात ब्रिज, टोपी, कवळी यांचा खर्च बहुधा वगळलेला असतो. अपघातात दात गेला तर काही ठिकाणी सवलत मिळते. पण तेथेही रुग्णालयात दाखल होण्यासारख्या अटी असतात. म्हणून खुर्चीवर बसण्यापूर्वीच विम्याचा कागद वाचावा आणि शंका कंपनीला लेखी विचारावी. किडलेल्या दाताला ‘सायकलीवरून पडलो’ असे कारण जोडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. उलट, खरा दावा विनाकारण नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जावे. कर्नाटकासाठी त्यांचे कार्यालय बेंगळुरूस आहे, आणि तक्रारीस शुल्क पडत नाही.

श्रोते हो, बिल ही दंतवैद्याची साक्ष आहे. तोंडात जे घडले तेवढेच तिने सांगावे. पण ते मात्र पूर्ण सांगावे. अर्धवट साक्षीने न्याय्य पैसा बुडतो, आणि खोट्या साक्षीने पैशाबरोबर विश्वासही जातो.